जितकीं मुलें तितकीं यंत्रें

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अगदीं ईशान्येच्या कोपऱ्यांत मेन नांवाचें एक लहानसें संस्थान आहे. लोकसंख्या १४ लाखांच्या आसपास. एका अंगास अटलांटिक महासागर, दुसऱ्या अंगास घनदाट अरण्यें. कागदाच्या गिरण्या, बटाट्याची शेती आणि शेवंडांची मासेमारी यांवर तेथील पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. श्रीमंतीबद्दल या संस्थानाची ख्याति नाहीं. तथापि सार्वजनिक शाळेंतील प्रत्येक मुलाच्या हातीं स्वतंत्र संगणक देण्याचा पहिला संस्थानव्यापी प्रयोग त्या देशांत झाला तो येथेंच. त्या प्रयोगाची हकीकत मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहणाऱ्या प्रत्येक घरानें समजून घेण्यासारखी आहे.

अमेरिकेंत प्राथमिक शाळा आणि हायस्कूल यांच्यामध्यें ‘मिडल स्कूल’ नांवाची एक पायरी असते. बहुतेक ठिकाणीं सहावी ते आठवी हे वर्ग तींत येतात. सार्वजनिक शाळा म्हणजे करांच्या उत्पन्नांतून चालणारी, बिनफीची शाळा. मूल या वयांत ऐकलेलें जसेंच्या तसें स्वीकारण्याचें सोडून प्रश्न विचारूं लागतें. मेनच्या योजनेनें नेमका हाच टप्पा निवडला.

तत्पूर्वीं संगणक शाळेंत नव्हते असें नाहीं. परंतु ते एका वेगळ्या खोलींत मांडलेले असत, आणि वर्गाची पाळी येईल तेव्हांच मुलांनीं तेथें जावयाचें. सेमूर पेपर्ट या विद्वानास ही व्यवस्था मुळींच मान्य नव्हती. पेपर्ट यांचा जन्म १९२८ सालीं दक्षिण आफ्रिकेंत झाला; गणितज्ञ म्हणून त्यांनीं नांव मिळविलें, आणि मुलांना स्वतः संगणकास आज्ञा देतां याव्यात म्हणून ‘लोगो’ ही भाषा १९६७ च्या सुमारास सहकाऱ्यांसह निर्माण केली. उत्तरायुष्यांत ते मेनमध्येंच राहत होते. त्यांचें म्हणणें समजण्यास आपल्या जुन्या पाटीचा दाखला पुरेसा आहे. पांच मुलांत एक पाटी दिली आणि ती आठवड्यांतून एक तास वापरावयास मिळाली, तर मुलें पाटी पाहतील. लिहावयास मात्र शिकणार नाहींत. साधन सदैव हाताशीं असलें तरच तें विचाराचें साधन होतें.

अँगस किंग हे त्या वेळीं मेनचे गव्हर्नर होते. पेपर्ट यांचें हें मत त्यांना पटलें. २००० सालीं सरकारी तिजोरींत सुमारें ७ कोटी डॉलरांची शिल्लक पडली, तेव्हां तींतील मोठा भाग बाजूस ठेवून सातवीच्या प्रत्येक मुलास लॅपटॉप द्यावा असें त्यांनीं सुचविलें. विरोध जोराचा झाला. शाळांचीं छपरें गळत असतां असलीं खेळणीं कशाला, असा सवाल लोक करूं लागले. पुढें तिजोरीची स्थिति बिघडली व निधीस कात्रीहि लागली. तरी किंग यांच्या आग्रहामागील कारण समजण्याजोगें होतें. सुखवस्तु घरांतील मूल घरीं यंत्र घेईलच. कोळ्याच्या किंवा गिरणीकामगाराच्या मुलास तें शाळेखेरीज कोण देणार?

अखेर ॲपल कंपनीशीं चार वर्षांचा सुमारें ३ कोटी ७२ लक्ष डॉलरांचा करार झाला. २००२ च्या वसंतांत नऊ शाळांत चांचणी झाली. त्याच वर्षीं पुढील सत्रापासून संस्थानांतील सातवीच्या सुमारें १७ हजार मुलांना यंत्रें मिळालीं. २००३ मध्यें आठवीचाहि समावेश झाला. शाळाशाळांतून बिनतारी जाळें बसविण्यांत आलें. याहूनहि महत्त्वाची गोष्ट अशी कीं, शिक्षकांनाहि यंत्रें दिलीं गेलीं व त्यांच्या शिक्षणाची तरतूद योजनेंतच करण्यांत आली. शिक्षकास वगळून सुधारणा करूं पाहण्याची चूक येथें टळली.

फळ काय मिळालें? २००७ सालीं सदर्न मेन विद्यापीठांतील संशोधकांनीं आठवीच्या लेखनपरीक्षेचा निकाल तपासला. २००० सालीं ठरलेल्या पातळीस पोंचणारीं मुलें शेंकडा सुमारें २९ होतीं; २००५ सालीं तीं सुमारें ४१ झालीं. शिवाय परीक्षा यंत्रावर दिली काय किंवा कागदावर दिली काय, या प्रगतींत फरक पडला नाहीं. म्हणजे सुधारणा बोटांत नव्हे, लेखनांत झाली होती. याचें कारण उघड आहे. कागदावर एकदां निबंध लिहिला कीं पुन्हां सगळा उतरून काढण्याचा मुलांस कंटाळा येतो. यंत्रावर वाक्य खोडणें, हलविणें, पुन्हां मांडणें सोपें असतें. आणि चांगलें लेखन हें बहुतांशीं पुनर्लेखनच असतें.

परंतु चित्राची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. सर्व विषयांत अशी वाढ दिसली नाहीं. गणितांत यंत्र हातीं आल्यानेंच निकाल सुधारला, असें घडलें नाहीं. उलट ज्या शाळांतील गणितशिक्षकांना दोन वर्षें खास शिक्षण देण्यांत आलें, तेथील मुलें इतरांहून पुढें गेलीं, असें २००९ च्या एका पाहणींत आढळलें. यंत्र तेंच, मुलें तशींच; अंतर पडलें तें शिक्षकांच्या तयारीमुळें.

साधनाच्या निवडीचाहि एक धडा मेनला मिळाला. २०१३ नंतर पुष्कळ शाळांनीं लॅपटॉपऐवजीं आयपॅड घेतले. पाहण्यास व वाचण्यास ते सोयीचे. पण दीर्घ लेखनास अडचणीचे, आणि खेळाकडे ओढणारे, अशी तक्रार शिक्षकांनीं व मुलांनींहि केली. २०१६ मध्यें अनेक शाळांनीं ते परत करून पुन्हां लॅपटॉप घेण्याचें ठरविलें.

या साऱ्या हकीकतीवरून एक भेद स्पष्ट होतो. यंत्र दिल्यानें संधीची विषमता कमी होते. ज्ञान मात्र आपोआप वाढत नाहीं. पहिली गोष्ट सरकार पैसा खर्चून करूं शकतें, आणि ती क्षुल्लक नव्हे. दुसरीसाठीं वर्गांत तयारीचा शिक्षक लागतो आणि मुलापुढें करण्यासारखें कांहीं काम लागतें. आज घरोघरीं मुलांच्या हातीं पडदा आला आहे. तो किती महागाचा आहे याची चौकशी पुष्कळ होते. त्यावर मूल नुसतें पाहत आहे कीं कांहीं लिहीत, रचीत, खोडून पुन्हां मांडीत आहे, ही चौकशी पालकांनीं अगोदर केली पाहिजे.