घरी बसून राज्यशास्त्र: दूरशिक्षणातून पदवी घ्यायची तर काय लक्षात ठेवाल?

बारावी झाली, लग्न झालं किंवा दुकान-कारखान्यात कामाला लागलो की शिक्षण संपलं, असं आपल्या अनेक घरांत धरूनच चालतात. मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागावर काम करणारा तरुण असो की लहान मुलं सांभाळणारी वहिनी, रोज कॉलेजला जाणं त्यांना जमणारं नसतं. पण शिकायची इच्छा असेल तर दूरशिक्षणाचा रस्ता खुला आहे आणि त्यात राज्यशास्त्र हा विषय विशेष सोयीचा आहे. याला प्रयोगशाळा लागत नाही, महागडी साधनं लागत नाहीत. पुस्तक, वर्तमानपत्र आणि रोजचा थोडा वेळ एवढं हाताशी असलं की सुरुवात होते.

राज्यशास्त्रात शिकवतात तरी काय?

राज्यशास्त्र म्हणजे पक्षांचं राजकारण, असा समज आहे. खरं तर राज्य कशासाठी असतं, कायदा कोण करतं, नागरिकाला हक्क कुठून मिळतात आणि ते नाकारले गेले तर दाद कुठे मागायची, याचा हा अभ्यास आहे. संविधानाचं कलम 14 समानतेबद्दल आहे, कलम 25 धर्मस्वातंत्र्याबद्दल, तर कलम 29 आणि 30 अल्पसंख्याकांच्या सांस्कृतिक आणि शैक्षणिक हक्कांबद्दल. ही कलमं आपण भाषणांत ऐकतो, पण त्यांच्यावर मर्यादा कोणत्या आहेत आणि न्यायालयात ती कशी वापरली जातात, हे अभ्यास केल्याशिवाय कळत नाही.

दुसरं उदाहरण गावाचं घ्या. 73व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या आणि महाराष्ट्राने 2011 मध्ये हे प्रमाण 50 टक्क्यांवर नेलं. त्यामुळे आपल्या समाजातल्या बायकाही सदस्य, सरपंच झाल्या. पण सही बाईंची आणि कारभार घरातल्या पुरुषाचा, असं चित्र आजही दिसतं. ग्रामसभेचे अधिकार काय, निधी कुठून येतो, ठराव कसा होतो, हे जिने वाचलंय तिला कागद पुढे करून कोणी फसवू शकत नाही.

प्रवेश कुठे मिळतो?

शाळा अर्धवट सुटली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, इथून दहावी-बारावी करता येते. एकदा नाव नोंदवलं की 5 वर्षांत सोयीनुसार विषय सोडवता येतात. बारावीला राज्यशास्त्र हा विषयही आहे.

पदवीसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून काम करतंय. तिथे बी.ए. मराठी माध्यमातून करता येतं. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र, जे पूर्वी ‘आयडॉल’ म्हणून ओळखलं जायचं, तेही जुनं आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, 1985 मध्ये संसदेच्या कायद्याने सुरू झालं. तिथे कोणत्याही शाखेचा पदवीधर राज्यशास्त्रात एम.ए. करू शकतो, माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. उर्दू शाळेत शिकलेल्यांसाठी हैदराबादचं मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ आहे. ते 1998 मध्ये स्थापन झालं आणि तिथेही दूरशिक्षण विभाग आहे.

माध्यम निवडताना भावनेपेक्षा सोय बघा. ज्या भाषेत तुम्ही तीन तास न थांबता लिहू शकता, ती तुमची परीक्षेची भाषा.

‘आपल्या वेळेने’ म्हणजे किती वेळ?

इथेच बरेच जण अडकतात. मुक्त शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे साधारण 30 तासांचा अभ्यास. म्हणजे 8 क्रेडिटच्या एका विषयाला 240 तास लागतात. रोज एक तास दिला तर आठ महिने, दोन तास दिले तर चार. हा हिशेब आधीच मांडला तर एका वर्षात किती विषय झेपतील ते कळतं. दोन वर्षांचा एम.ए. इग्नूमध्ये चार वर्षांपर्यंत पूर्ण करता येतो. त्यामुळे बाळंतपण, आजारपण किंवा कामाची घाई आली म्हणून शिक्षण सोडायची गरज नाही.

पण वेळ आपला असला तरी तारखा विद्यापीठाच्या असतात. पुढच्या वर्षाची नोंदणी, स्वाध्याय जमा करणं आणि परीक्षा अर्ज भरणं, या तिन्ही तारखा घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आठवण करून द्यायला वर्गशिक्षक नसतो. इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. जूनची परीक्षा म्हणजे एप्रिल-मेच्या लग्नसराईत अभ्यास करणं आलं. रमजानही दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा त्या वर्षी तो कधी येतोय ते बघूनच वेळापत्रक आखा. काहींना फजरनंतरचा शांत तास बरा पडतो, काहींना मुलं झोपल्यावरचा.

स्वाध्याय मनावर घ्या

इग्नूच्या एम.ए. राज्यशास्त्रात 30 टक्के गुण स्वाध्यायाचे आणि 70 टक्के लेखी परीक्षेचे. कुणाचा तरी तयार स्वाध्याय उतरवून काढला तर गुण मिळतीलही, पण परीक्षेत हात चालणार नाही. स्वाध्याय हाच उत्तरं लिहायचा सराव.

समजा प्रश्न आला, ‘भारतीय धर्मनिरपेक्षतेचं स्वरूप सांगा.’ 42व्या घटनादुरुस्तीने 1976 मध्ये हा शब्द उद्देशिकेत आला, एवढं लिहून थांबू नका. फ्रान्समध्ये सार्वजनिक संस्थांतून धर्म बाहेर ठेवण्यावर भर आहे. भारतात राज्य सर्व धर्मांना मान देतं, पण अस्पृश्यतेसारख्या प्रथेत हस्तक्षेपही करतं. राजीव भार्गव यांनी याला ‘तत्त्वाधिष्ठित अंतर’ म्हटलंय. त्यावर आक्षेप काय आहेत, तेही लिहा. आपलं मत शेवटी आणि कारणांसकट. आपल्याला न पटणारी बाजू प्रामाणिकपणे मांडता येणं, ही या विषयाची खरी तालीम आहे.

पुस्तकांचा खर्चही फार नाही. इग्नूची पुस्तकं ‘ई-ज्ञानकोश’वर मोफत वाचता येतात. ‘स्वयम्’ या सरकारी व्यासपीठावर व्याख्यानं आहेत.

कागदपत्रं आणि फसवणूक

दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी आता ‘डेब आयडी’ लागतो आणि तो काढायला ‘अपार’ म्हणजे एबीसी आयडी लागतो. इथे आपल्याकडची नेहमीची अडचण पुढे येते, ती नावाची. आधारवर ‘शेख’, मार्कशीटवर ‘शैख’, कुठे वडिलांचं नाव आधी, कुठे निकाहनंतर बदललेलं नाव. प्रवेशाच्या आधीच ही नावं जुळवून घ्या. शेवटच्या आठवड्यात ते होत नाही.

आणि एक सावधगिरी. ‘एका वर्षात डिग्री, परीक्षा आम्ही बघतो’ असं सांगणारे एजंट गल्लोगल्ली आहेत. पैसे देण्याआधी ते विद्यापीठ आणि तो अभ्यासक्रम, दोन्ही यूजीसीच्या दूरशिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर आहेत का ते तपासा. फी फक्त विद्यापीठाच्या पोर्टलवर भरा आणि पावती जपून ठेवा.

पुढे काय?

मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. या पदवीवर यूपीएससी-एमपीएससीची परीक्षा देता येते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत राज्यशास्त्र हा 500 गुणांचा वैकल्पिक विषय आहे. एम.ए.ला 55 टक्के मिळाले तर प्राध्यापकीसाठी नेट-सेट देता येते. नॉन-क्रीमीलेअर ओबीसींना 50 टक्के पुरतात. वकिली दूरशिक्षणातून होत नाही, पण दहावी, बारावी, पदवी अशा क्रमाने शिकलेल्याला तीन वर्षांच्या एलएलबीला जाता येतं.

नोकरी लगेच लागेलच असं नाही, हे घरच्यांनाही आधीच सांगा. पण रेशन दुकानापासून तहसील कचेरीपर्यंत, मतदार यादीपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत रोज आपला राज्यव्यवस्थेशी संबंध येतो. ती कशी चालते हे समजणारा एक जरी माणूस घरात असला तर सगळ्या मोहल्ल्याला त्याचा आधार होतो. घरात कुणी शिकू बघत असेल, विशेषतः सून किंवा मुलगी, तर तिला दिवसाचा एक तास मोकळा करून द्या. फीइतकीच त्या तासाची तिला गरज आहे.