विडीचा धूर आणि रक्तवाहिन्या

नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस पैनगंगेच्या खोऱ्यात किनवट-माहूरची अरण्ये पसरली आहेत. उन्हाळा लागला की तेथे टेंभुर्णीची पाने खुडली जातात, त्यांचे पुडे बांधतात आणि ते उन्हात वाळवितात. याच पानात तंबाखू गुंडाळली की विडी होते. नांदेडच्या शेतांपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत, विसाव्याच्या क्षणी श्रमिकांच्या ओठी दिसणारी ही विडी केवढी लहान! सिगारेटपेक्षा तीत तंबाखू पुष्कळ कमी असते. म्हणून ती सौम्य असावी, असा अनेकांचा समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. टेंभुर्णीच्या पानातून हवा सहज खेळत नाही. विडी सारखी विझू पाहते आणि ती पेटती ठेवण्यासाठी ओढणाऱ्यास जोराने व पुनःपुन्हा झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू शरीरात अधिकच जातो.

धूर फुप्फुसात जातो हे सर्वांस ठाऊक असते. परंतु त्यातील विषे तेथेच थांबत नाहीत, ती रक्तात उतरतात. रक्तातील हिमोग्लोबिन हे द्रव्य प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा बळकावतो. इकडे निकोटीनमुळे हृदयाची गती वाढते व रोहिण्या आकुंचन पावतात. म्हणजे दिवसाकाठी सुमारे एक लक्ष स्पंदने करणाऱ्या हृदयाला काम वाढते आणि प्राणवायू मात्र कमी मिळतो! रोहिणीचे आतील अस्तर अवघ्या एका पेशीच्या जाडीचे असते. ते धुराने दुखावते, तेथे कोलेस्टेरॉलचा थर साचू लागतो, आणि रक्तही लवकर गोठू लागते. अशी गुठळी हृदयाच्या रोहिणीत अडकली तर हृदयविकाराचा झटका येतो. मेंदूच्या रोहिणीत अडकली तर पक्षाघात होतो.

पायांचीही यातून सुटका नाही. १९०८ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर लिओ बर्गर यांनी वर्णिलेला एक रोग आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. भारतात तो विशेषतः विडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांत आढळतो. प्रथम चालताना तळवा वा पोटरी दुखते, पुढे बोटे काळी पडतात आणि अखेर ती कापावी लागतात. ज्याचे पोट पायांच्या बळावर चालते, त्या हमालाच्या किंवा सालगड्याच्या घरावर मग कोणता प्रसंग ओढवत असेल! या रोगाची वाढ रोखण्याचा खात्रीचा उपाय एकच : तंबाखू संपूर्ण सोडणे. बोटे सडण्यापूर्वी ती सोडली, तर पाय बहुधा वाचतो.

शरीराची दुरुस्ती आश्चर्य वाटावे इतक्या लवकर सुरू होते. शेवटच्या विडीनंतर सुमारे वीस मिनिटांत नाडीची गती उतरू लागते. साधारण एका दिवसात रक्तातील कार्बन मोनॉक्साइड ओसरतो. एका वर्षात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. पुढील सुधारणा मात्र सावकाश होते. दीर्घकाळ ओढणाऱ्यांच्या बाबतीत तिला पंधरा वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ लागतो.

“पूर्वी वीस ओढत होतो, आता दोनच ओढतो,” असे समाधान मानणारे गावोगाव भेटतात. त्यांचे अर्धेच खरे आहे. रोज एकच सिगारेट ओढणाऱ्यासही वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्यापैकी जवळजवळ निम्मा धोका हृदयाच्या बाबतीत उरतोच. विडी टाकून चुना-तंबाखूची चिमूट तोंडात धरणाऱ्याचेही निकोटीन सुटत नाही. व्यसन सोडताना पहिला आठवडा जड जातो. चिडचिड होते, झोप उडते. पण बहुतेकांची ही तळमळ तीन-चार आठवड्यांत ओसरते. १८००-११-२३५६ या शासकीय दूरध्वनी क्रमांकावर सल्ला विनामूल्य मिळतो.

उतारवयात सोडून काय लाभ, असा प्रश्न वृद्ध मंडळी विचारतात. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली ब्रिटनमधील डॉक्टरांच्या धूम्रपानाची पाहणी आरंभिली; ती पन्नास वर्षे चालली. धूम्रपान न सोडणाऱ्यांच्या तुलनेत तिशीत सोडणाऱ्यांना सुमारे दहा वर्षांचे, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सुमारे सहा वर्षांचे आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनाही सुमारे तीन वर्षांचे आयुष्य अधिक लाभले.