सायक्लोन : न फिरता हवा फिरवणारे यंत्र

गोंदिया-भंडाऱ्याकडच्या भातगिरण्यांच्या मागच्या अंगाला पत्र्याचे उंच नळकांडे दिसते. वरून गोल, खाली निमुळते होत गेलेले. हा सायक्लोन. धुळीची हवा खेचणारा पंखा बाहेर असतो. नळकांड्यात मोटर नाही, पाते नाही, जाळीही नाही. शंभर किलो भातातून सुमारे 20 किलो तूस निघते. ते आणि त्याबरोबरची धूळ हवेतून वेगळी करण्याचे काम हे नळकांडे करते.

हवा वरच्या तोंडातून भिंतीलगत आडवी शिरते, बहुधा सेकंदाला 15 ते 20 मीटर वेगाने, आणि भिंतीच्या कडेने गरगरत खाली उतरते. खळ्यावर उपणताना दाणा आणि भुसा वारा वेगळे करतो, इथे ते काम हवेची गिरकी करते. 1 मीटर व्यासाच्या सायक्लोनमध्ये सेकंदाला 15 मीटर वेगाने फिरणाऱ्या कणावर बाहेरच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 45 पट जोर येतो. कण भिंतीवर आदळतात आणि घसरत खालच्या हॉपरमध्ये जमा होतात. धूळ सोडलेली हवा तळाशी वळते आणि मधल्या नळीतून वर निघून जाते.

या यंत्राचा जन्मही गिरणीतलाच. धूळ पेट घेते हे अमेरिकेतल्या मिनियापोलिसने 1878 मध्ये अनुभवले. तिथल्या पिठाच्या गिरणीत झालेल्या स्फोटात 18 जण दगावले. पुढे 1885 मध्ये मिशिगनच्या निकरबॉकर कंपनीच्या जॉन फिंच यांना अशा धूळसंग्राहकाचे पेटंट मिळाले. आज सिमेंटच्या कारखान्यात भट्टीत जाण्याआधी कच्ची भुकटी गरम होते तीही एकावर एक रचलेल्या सायक्लोनमधूनच.

मात्र सायक्लोनची मर्यादा ठरलेली आहे. 10 मायक्रॉनपेक्षा मोठे कण तो चांगले पकडतो, 5 मायक्रॉनखालचे बरेचसे निसटतात. फुप्फुसात खोलवर जाणारी धूळ नेमकी हीच. व्यास लहान केला तर पकड सुधारते, म्हणून बॉयलरच्या धुरासाठी अनेक छोटे सायक्लोन एकत्र बसवतात, त्याला मल्टिसायक्लोन म्हणतात. वेग वाढवूनही पकड वाढते, पण वेग दुप्पट झाला की दाबातली घट चौपट होते आणि विजेचे बिल वाढते.

बिघाड बहुतेक वेळा तळाशीच होतो. हॉपरखालचा रोटरी एअरलॉक, म्हणजे हवा आत न येऊ देता धूळ बाहेर सोडणारी फिरती झडप, झिजला की फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि खाली बसलेली धूळ मधल्या गिरकीबरोबर पुन्हा वर जाते. जुन्या सायक्लोनचा शंकू नीट पाहा : धूळ अडकली म्हणून हातोड्याने ठोकल्याचे पोचे त्यावर दिसतील. त्या प्रत्येक पोच्यापाशी आतली धूळ भिंत सोडून उसळते, पुन्हा अडकते, आणि पुन्हा हातोडा पडतो. बॉयलरच्या धुरातली तुसाची राख सिलिकाने भरलेली, ती पत्राही घासून भोक पाडते.

गिरणीमालकांना एवढेच सांगणे : हातोडा बंद करा, एअरलॉकचे रबर वेळेवर बदला, शंकूची जाडी दर हंगामाआधी तपासा. आणि सायक्लोननंतर कापडी पिशव्यांचा बॅग फिल्टर जरूर बसवा. जाड धूळ आधीच निघून गेल्यामुळे त्या पिशव्या जास्त टिकतात, आणि बारीक धूळ कामगाराच्या छातीत जात नाही.