फोटो दुसऱ्या फोनवर पोचला, पण डेटा पोचला का?

परवा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीने विचारलं, "ताई, माझे फील्डचे सगळे फोटो अँड्रॉइडवर आहेत आणि घरच्यांनी आता आयफोन घेऊन दिलाय. फोटो कसे न्यायचे?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. या साध्या प्रश्नाचं सोपं, पण चुकीचं उत्तर मी स्वतः एकदा दिलं होतं. त्याची किंमत म्हणून माझ्या कामातली एक अख्खी फील्ड व्हिजिट गाळावी लागली.

झालं असं. मी कोकणातल्या कातळसड्यांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या छोट्या वनस्पतींवर काम करते. एक मीटर बाय एक मीटरची चौकट जमिनीवर ठेवायची, वरून फोटो काढायचा, नंतर लॅबमध्ये बसून त्यातली फुलं मोजायची. दर आठवड्याला त्याच जागा, तीच चौकट. ऑगस्टमधल्या एका व्हिजिटला माझा फोन भिजून बंद पडला. बरोबरच्या ज्युनिअरचा आयफोन होता, त्यावर दिवसभर फोटो काढले. संध्याकाळी मुक्कामावर आल्यावर मीच त्याला म्हटलं, "चॅटवर टाकून दे रे सगळे." त्याने टाकले. फोनमधली जागा भरली होती म्हणून मला विचारूनच त्याने मूळ फोटो पुसले, आणि 'नुकतंच हटवलेलं' हे फोल्डरही रिकामं केलं.

ऑक्टोबरमध्ये मोजायला बसले तेव्हा कळलं की माझ्याकडे आलेत ती फक्त चित्रं. पावसाने पाटीवरचा खडूचा नंबर धुऊन गेला होता, त्यामुळे कुठला फोटो कुठल्या चौकटीचा हे वेळेवरून आणि ठिकाणावरून ठरवावं लागणार होतं. आणि सगळ्या फोटोंची वेळ होती रात्री साडेआठच्या आसपास, म्हणजे मला ते मिळाले तेव्हाची. ठिकाण तर कुठेच नव्हतं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मग ही व्हिजिट झालीच नाही असं धर."

तुम्ही रिसर्चच्या तयारीत असाल तर ही चूक करायच्या आधीच तिचं गणित समजून घ्या.

फोटोच्या फाइलमध्ये काय काय असतं?

आपल्याला स्क्रीनवर दिसतो तो फाइलचा एक भाग, म्हणजे पिक्सेल. दुसरा भाग दिसत नाही. फोटो कधी काढला, कुठल्या फोनने, लेन्स कुठली, एक्स्पोजर किती, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश. ही माहिती ज्या ठरलेल्या साच्यात लिहिली जाते त्याला एक्झिफ म्हणतात. हा साचा १९९५ साली जपानमध्ये डिजिटल कॅमेऱ्यांसाठी तयार झाला आणि आजचे फोनही तोच वापरतात. फील्डची वही पावसात भिजते, पण एक्झिफ ही प्रत्येक फोटोला आपोआप चिकटलेली वही आहे.

एक बारीक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. फोटोला दोन प्रकारच्या तारखा असतात. एक एक्झिफमधली, शटर दाबल्याची. दुसरी फाइलची, म्हणजे ती फाइल त्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर कधी तयार झाली ती. कॉपी करताना दुसरी तारीख बदलू शकते. एक्झिफ गेलं असेल तर गॅलरीकडे दाखवायला दुसरीच उरते. माझे 'रात्री साडेआठ'चे फोटो असेच तयार झाले.

वाटेत काय हरवतं?

तीन गोष्टी हरवू शकतात. तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी.

पहिली, पिक्सेल. चॅटिंगची अ‍ॅप्स फोटो लवकर जावा म्हणून तो लहान करतात. मूळ फोटो ४०३२ बाय ३०२४ पिक्सेलचा होता, माझ्याकडे आलेला १६०० बाय १२००. आता माझी चौकट घ्या. तिची १००० मिलिमीटर लांबी फोटोच्या आखूड बाजूत, म्हणजे ३०२४ पिक्सेलमध्ये बसते. एका मिलिमीटरला साधारण ३ पिक्सेल. सीतेच्या आसवांचं फूल ५ मिलिमीटरचं धरलं तर मूळ फोटोत ते १५ पिक्सेल रुंद दिसतं, लहान केलेल्या फोटोत ६. पंधरा पिक्सेलमध्ये फूल ओळखता येतं. सहा पिक्सेलमध्ये तो एक निळसर ठिपका असतो, आणि शेजारचा ठिपका फूल आहे की पाण्याची चमक, हे तुम्ही ठामपणे सांगू शकत नाही. फोनच्या स्क्रीनवर मात्र दोन्ही फोटो सारखेच सुंदर दिसतात! म्हणूनच फसायला होतं.

दुसरी, एक्झिफ. हे बहुतेक वेळा मुद्दाम काढलं जातं, आणि त्यामागचं कारण चांगलंच आहे. घरात काढलेला फोटो अनोळखी माणसाला पाठवला की त्याच्याबरोबर घराचा पत्ताही जाऊ नये, म्हणून. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, एखाद्या अ‍ॅपला फोटोतलं लोकेशन वाचायची वेगळी परवानगी नसेल तर सिस्टिम त्या अ‍ॅपला अक्षांश-रेखांश झाकूनच फोटो देते. आयफोनवर फोटो शेअर करताना वरच्या बाजूला 'ऑप्शन्स' दिसतं. तिथे लोकेशन बंद करता येतं, तसंच 'ऑल फोटोज डेटा' चालूही करता येतं. आपण तिकडे बघतच नाही.

तिसरी, फॉरमॅट. दोन वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम्सचा खरा सांधा इथे कुरकुरतो. २०१७ मध्ये आयओएस ११ आल्यापासून आयफोन ७ आणि पुढचे फोन फोटो जेपेगऐवजी हाइक या फॉरमॅटमध्ये ठेवतात. त्याच दर्जाच्या फोटोला जागा साधारण निम्मी लागते. अँड्रॉइडने हा फॉरमॅट २०१८ च्या नवव्या आवृत्तीपासून स्वीकारला, पण जुने फोन, काही कॉम्प्युटर आणि आपली बरीच अ‍ॅनालिसिसची सॉफ्टवेअर्स तो उघडत नाहीत. मग वाटेत कुणीतरी त्याचा जेपेग करून टाकतं. कधी फोन, कधी अ‍ॅप, कधी वेबसाइट. जेपेग होताना फोटो पुन्हा दाबला जातो. फुलं मोजायला फारसा फरक पडणार नाही, पण पानाचा रंग मोजत असाल तर पडू शकतो.

म्हणून आयफोनवर काम करणार असाल तर सीझन सुरू व्हायच्या आधी ठरवा. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, त्यात 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की फोटो थेट जेपेगमध्ये निघतात. दोन्हीपैकी काहीही चालेल, फक्त मधेच बदलू नका. अर्धा डेटा एका फॉरमॅटमध्ये आणि अर्धा दुसऱ्यात असेल तर दिसणारा फरक निसर्गातला की फाइलमधला, हे सांगता येणार नाही.

आयफोनवरून अँड्रॉइडकडे

सगळ्यात भरवशाचा रस्ता कॉम्प्युटरवरून जातो. आयफोन केबलने विंडोजच्या कॉम्प्युटरला जोडा, फोनवर 'ट्रस्ट' म्हणा, आणि डीसीआयएम फोल्डरमधून फोटो कॉपी करा. पण त्याआधी फोटोजच्या सेटिंग्जमध्ये 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' शोधा आणि तिथे 'ऑटोमॅटिक'ऐवजी 'कीप ओरिजिनल्स' ठेवा. ऑटोमॅटिकवर असेल तर फोन वाटेतच फॉरमॅट बदलू शकतो.

अजून एक खड्डा. आयक्लाउड वापरत असाल आणि 'ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज' चालू असेल, तर फोनवर फोटोची छोटी प्रत असू शकते आणि मूळ फोटो क्लाउडवर असतो. अशा वेळी फोनवरून कॉपी करू नका. आयक्लाउडच्या वेबसाइटवरून 'अनमॉडिफाइड ओरिजिनल्स' हा पर्याय निवडून डाउनलोड करा.

कॉम्प्युटरवर आलेलं फोल्डर मग अँड्रॉइड फोनवर टाकणं सोपं आहे. केबल जोडल्यावर फोन आधी नुसता चार्ज होतो. नोटिफिकेशन खाली ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडा, की फोन ड्राइव्हसारखा दिसतो.

अँड्रॉइडवरून आयफोनकडे

पहिला टप्पा तोच, उलट बाजूने. अँड्रॉइड जोडा, 'फाइल ट्रान्सफर' निवडा, डीसीआयएममधलं कॅमेरा फोल्डर कॉम्प्युटरवर घ्या. मॅकवर अँड्रॉइड फोन असा आपोआप दिसत नाही, तेव्हा ओटीजी पेनड्राइव्ह वापरा.

दुसऱ्या टप्प्यात जपून. कॉम्प्युटरवरून आयफोनमध्ये फोटो 'सिंक' केले तर ते त्या फोनच्या स्क्रीनला शोभतील असे लहान केले जाऊ शकतात. नवा आयफोन पहिल्यांदा सुरू करताना अ‍ॅपलचं 'मूव्ह टू आयओएस' हे अ‍ॅप वापरून अँड्रॉइडमधले फोटो नेता येतात. घरच्या फोटोंसाठी ते उत्तम आहे. रिसर्चच्या फोटोंना मात्र माझं सांगणं वेगळं आहे. ते नव्या फोनवर न्यायची गरज आहे का, हे आधी विचारा. मूळ संचाची जागा कॉम्प्युटर आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्क. फोनवर हवी तर बघण्यापुरती प्रत ठेवा.

फील्डवर कॉम्प्युटर नसतो, तेव्हा?

आपल्यापैकी बहुतेकांचा खरा प्रश्न हाच आहे. तीन पर्याय सांगते.

एक, लोकलसेंड. हे फुकट आणि ओपन सोर्स अ‍ॅप अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक सगळीकडे चालतं. दोन्ही फोन एकाच वाय-फायवर हवेत, इंटरनेट नसलं तरी चालतं. एका फोनचा हॉटस्पॉट पुरतो, म्हणजे सड्यावरही काम होतं.

दोन, व्हॉट्सअ‍ॅपवरूनच पाठवायची वेळ आली तर 'फोटो' म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून फाइल निवडून पाठवा. तेव्हा फोटो लहान केला जात नाही.

तीन, नेटवर्क बरं असेल तर क्लाउड ड्राइव्हवर फाइल म्हणून चढवा. गूगल फोटोज वापरत असाल तर बॅकअपचा दर्जा 'ओरिजिनल क्वालिटी'वर आहे का ते बघा. 'स्टोरेज सेव्हर'वर फोटो दाबला जातो. १ जून २०२१ पासून दोन्ही प्रकार तुमच्या १५ जीबीमध्येच मोजले जातात, हेही धरून चाला.

तिन्हींपैकी कुठलाही रस्ता घ्या, पण आधी एका फोटोवर चाचणी घ्या. सेटिंग्ज आणि परवानग्या प्रत्येक फोनवर वेगळ्या असतात. माझ्या फोनवर टिकलेलं लोकेशन तुमच्या फोनवर टिकेलच असं नाही.

पोचलं की नाही, हे कसं कळणार?

डोळ्यांनी नाही. पाठवलेला आणि मिळालेला फोटो घ्या आणि तीन गोष्टी ताडून बघा. पिक्सेलमधला आकार तोच आहे का? काढल्याची वेळ तीच आहे का? ठिकाण आहे का? गॅलरीत फोटोच्या माहितीत हे दिसतं. शेकडो फोटो असतील तर कॉम्प्युटरवर एक्झिफटूल वापरा. तो सगळ्या फोल्डरची एक्झिफ माहिती एका तक्त्यात काढून देतो. मग एकूण फाइल्सची संख्या मोजा. २१२ पाठवले आणि २११ आले, असं होतंच होतं.

कॉम्प्युटरवर एकदा संच आला की पुढच्या प्रत्येक प्रतीसाठी हॅश काढा. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. शा-२५६ ही पद्धत कितीही मोठ्या फाइलपासून ६४ अक्षर-अंकांची एक ओळ बनवते. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी अख्खी ओळ बदलते. फाइलचं नाव बदललं तर मात्र ठसा तोच राहतो, कारण नाव हा फाइलच्या आतला भाग नाही. विंडोजवर सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक करूनच हॅश काढता येतो. दोन प्रतींचे ठसे जुळले की निर्धास्त व्हा.

आणि लोकेशन कधी काढून टाकायचं?

लोकेशन जपा असं मी इतका वेळ सांगतेय, पण दुसरी बाजूही आहे. दुर्मीळ ऑर्किडचा किंवा घरट्याचा फोटो ग्रुपवर टाकताना अक्षांश-रेखांश बरोबर गेले तर तुम्ही ती जागा उघडी करता. आयनॅचरलिस्टसुद्धा धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा लोकांना दाखवत नाही. तेव्हा मूळ संचात सगळं राहू द्या, आणि वाटायच्या प्रतीतून लोकेशन काढा. हा निर्णय तुम्ही घ्या, अ‍ॅपवर सोडू नका.

त्या मुलीला मी शेवटी एवढंच सांगितलं: आज एक फोटो पाठव, तीन गोष्टी तपास, मग बाकीचे. आणि प्रती दोन ठिकाणी जाऊन ठसे जुळेपर्यंत जुन्या फोनवरचं काही पुसू नकोस. तो ऑगस्टचा दिवस माझ्या फील्डच्या वहीत अजून आहे. तारीख, पाऊस, वारा, सगळं लिहिलेलं आहे. आलेखात मात्र त्या आठवड्याच्या जागी मोकळी जागा आहे, आणि ती का आहे हे मेथड्सच्या प्रकरणात एका वाक्यात लिहावं लागणार आहे.