ऋतूप्रमाणे शाळेतील उपक्रम आणि मुलांचे आरोग्य : पालकांनी काय पाहावे?

विदर्भातील शाळा उन्हाच्या तडाख्यामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात. कोरपना तालुक्यात तोपर्यंत पाऊस लागलेला असतो, कपाशीची लागवड सुरू असते आणि डबक्यांत डास वाढू लागतात. प्राथमिक शाळेतील वर्षभराचे उपक्रमही याच क्रमाने येतात : पावसाळ्यात वृक्षारोपण, मग पोळा, हात धुण्याचा दिवस, हिवाळ्यात क्रीडास्पर्धा आणि सहल, उन्हाळ्यात सकाळची शाळा.

या उपक्रमांमुळे अभ्यास बुडतो, असे अनेक पालकांना वाटते. पण त्या त्या ऋतूतला आजार ओळखणे आणि टाळणे मुले याच उपक्रमांतून शिकू शकतात. सिकलसेल, दमा किंवा फिट्स येणाऱ्या मुलाला मात्र काही उपक्रम त्रासदायक ठरू शकतात. म्हणून प्रत्येक ऋतूत शाळेत काय करून घेता येते आणि घरी तुम्ही काय काळजी घ्यावी, ते पाहू.

पावसाळा : डास, साप आणि रानातल्या बिया

कोरडा दिवस. डेंग्यू पसरवणारा डास दिवसा चावतो आणि घरातल्या साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी केली तर हे चक्र तुटते. मुलांना चार-चारच्या गटांत शाळेच्या आवारातले टायर, करवंट्या, कुंड्यांखालच्या ताटल्या शोधायला लावता येतात. नंतर तीच यादी मुले घरी घेऊन येतात. भांडे नुसते उलटे करून भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात, म्हणून भांडे घासून पुसावे लागते.

मलेरियाचा डास वेगळा. तो रात्री चावतो आणि साचलेल्या किंवा संथ वाहणाऱ्या पाण्यात वाढतो. राज्यात मलेरियाचे रुग्ण सर्वाधिक आढळणाऱ्या जिल्ह्यांत शेजारचा गडचिरोली वर्षानुवर्षे पुढे आहे. त्यामुळे या पट्ट्यात पावसाळ्यातला कोणताही ताप हा तपासणी होईपर्यंत मलेरियाचा समजावा. आशाताईंकडे बोटातून रक्त घेऊन लगेच तपासणी करता येते. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नये, डेंग्यू असेल तर त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सर्पदंशाचा सराव. वर्गात दोन मुलांच्या जोडीत हा सराव घेता येतो : एकाने शांत बसायचे, दुसऱ्याने त्याचा हात फूटपट्टी आणि ओढणीने हलणार नाही असा बांधायचा आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. मुलांनी तीन गोष्टी पाठ कराव्यात : पळायचे नाही, कापायचे किंवा चोखायचे नाही, दोरी आवळायची नाही. पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्यांना चावतो आणि दंश फारसा दुखत नाही. मूल पहाटे पोटदुखी किंवा उलटीने उठले, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, बोलणे अडखळू लागले, तर दंशाची खूण दिसत नसली तरी सर्पदंशाचा संशय धरून रुग्णालय गाठावे. सर्पविषावरची लस सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळते. मांत्रिकाकडे गेलेला एक तास मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

रानभाज्या आणि बिया. तरोटा, कुर्डू, अंबाडी यांची पाने ओळखण्याचा उपक्रम पोषणासाठी चांगला आहे. बिया गोळा करतानाचा धोका मात्र वेगळा असतो. चंद्रज्योतीच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, त्यामुळे मुले त्या मूठभर खातात आणि काही वेळातच उलट्या-जुलाब सुरू होतात. एरंड आणि धोतऱ्याच्या बियाही विषारी असतात. 'गोळा करायचे, दाखवायचे, तोंडात घालायचे नाही' हा नियम शिक्षकांनी आधी सांगावा आणि तुम्ही घरी पुन्हा सांगावा.

जंतनाशक दिन. १० ऑगस्ट आणि १० फेब्रुवारीला शाळेत व अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी देतात. ती चावून खायची असते. दोन वर्षांवरील मुलांना ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी, एक ते दोन वर्षांच्या मुलांना अर्धी. पोटात जंत जास्त असतील तर गोळीनंतर थोडी मळमळ किंवा पोटदुखी होऊ शकते, ती सहसा आपोआप थांबते. त्या दिवशी मूल आजारी असेल तर गोळी देऊ नये. राहिलेल्या मुलांसाठी नंतर पुन्हा एक दिवस ठरलेला असतो.

पोळा आणि तान्हा पोळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. शाळेत मातीचे बैलही करून घेतात. अशा वेळी दोन गोष्टी सहज साधता येतात : मातीकामानंतर नखे कापून साबणाने हात धुणे, आणि लसीकरणाचे कार्ड पाहणे. धनुर्वातापासून संरक्षणासाठी ५ ते ६ वर्षांच्या वयात डीपीटीचा बूस्टर आणि १० व्या वर्षी टीडीची लस द्यायची असते. पहिलीत आणि पाचवीत जाणाऱ्या मुलांचे हे डोस बऱ्याचदा राहून गेलेले असतात.

कपाशीचा हंगाम : हात आणि रिकाम्या बाटल्या

१५ ऑक्टोबर हा जागतिक हात धुणे दिन. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून मुलांना नुसते सांगून पटत नाही. मुलांच्या तळहातांना तेल आणि हळद चोळावी. अर्ध्या मुलांनी नुसत्या पाण्याने, अर्ध्यांनी साबणाने २० सेकंद हात धुवावेत आणि मग सर्वांनी आपले हात शेजारी ठेवून पाहावेत. बोटांच्या बेचक्यात आणि नखांत उरलेला पिवळा रंग मुले विसरत नाहीत.

याच दिवसांत 'टाकाऊपासून टिकाऊ' वस्तूंसाठी शाळा घरून रिकाम्या बाटल्या मागवते. फवारणीच्या औषधाची बाटली, डबा किंवा पिशवी कितीही धुतली तरी मुलाच्या हातात देऊ नये आणि पाणी किंवा तेलासाठीही वापरू नये. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती धडधाकट मोठी माणसे होती. लहान मुलाच्या शरीराला तेच विष त्याहून कमी प्रमाणात पुरते. फवारणी करून आल्यावर अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय मुलाला जवळ घेऊ नये.

हिवाळा : सिकलसेल, दमा आणि खरूज

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात सिकलसेल अनेक समाजांत आढळतो. हा संसर्गजन्य आजार नाही, तो आईवडिलांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले असून त्यात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी केली जाते.

चौथी-पाचवीच्या मुलांना हा आजार बांबूच्या नळीने समजावता येतो. मूग नळीतून घरंगळत जातात. विळ्याच्या आकाराचे कापलेले पुठ्ठ्याचे तुकडे एकमेकांत अडकून नळी बंद करतात. आजारी मुलाच्या रक्तवाहिन्यांत असेच होते, म्हणून त्याचे हातपाय, पाठ, छाती दुखते. हे पाहिलेली मुले वर्गमित्राला 'आळशी' म्हणत नाहीत. मात्र वर्गात कोणाला सिकलसेल आहे, हे पालकांच्या संमतीशिवाय जाहीर होऊ नये.

थंडी, दमवणूक, कमी पाणी पिणे आणि ताप यांमुळे सिकलसेलचा त्रास उफाळतो. क्रीडास्पर्धेत अशा मुलाला वगळण्याची गरज नाही. त्याला मध्येच थांबण्याची, पाणी पिण्याची आणि स्वेटर घालण्याची मोकळीक हवी. लांब धावण्याऐवजी लहान खेळ द्यावेत. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची गुलाबी गोळी सिकलसेलच्या मुलाला, विशेषतः त्याला वारंवार रक्त चढवावे लागत असेल तर, डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

तालुक्यात चुनखडीच्या खाणी आणि सिमेंट कारखाने आहेत. हिवाळ्यात सकाळी हवा जड असते आणि धूळ खाली साचून राहते. दमा असलेल्या मुलाने धूळ उडत असताना मैदानावरची कवायत टाळावी. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने वर्ग पुसण्याचे काम त्याला द्यावे. त्याचा पंप दप्तरात असावा आणि तो कसा वापरायचा हे एका शिक्षकाला माहीत असावे.

बोटांच्या बेचक्यात खाज सुटून ती रात्री वाढत असेल तर खरूज असू शकते. घरातल्या सर्वांनी एकाच वेळी औषध लावले तरच ती जाते. त्यासाठी मुलाला वर्गात वेगळे बसवून लाजवू नये. उपचार सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून ते शाळेत जाऊ शकते.

उन्हाळा : पाण्याची घंटा

चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे नवीन नाही. खेळात रमलेल्या मुलाला तहान उशिरा कळते. केरळमधील शाळांत २०१९ मध्ये ठरावीक वेळी 'पाण्याची घंटा' वाजवून सर्व मुलांना पाणी प्यायला लावण्याची पद्धत सुरू झाली. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या सकाळच्या शाळेतही ती सहज करता येते. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडते आहे, हे मुलांना शिकवावे.

दुसरा उपक्रम जलसंजीवनी तयार करण्याचा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडले तर अपाय होतो, म्हणून चमचा सपाट करायला शिकवणे महत्त्वाचे. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट असेल तर ते पूर्ण एक लिटरमध्येच मिसळावे. अर्धे पाकीट अर्ध्या लिटरला असा अंदाज करू नये.

शाळेला आवर्जून सांगा

• मुलाला सिकलसेल, दमा, फिट्स, हृदयाचा आजार किंवा एखाद्या गोष्टीची ॲलर्जी असेल तर वर्षाच्या सुरुवातीला लेखी कळवा.
• सहलीला नेहमीची औषधे आणि डॉक्टरांचा कागद सोबत द्या.
• घरी कोलामी किंवा गोंडी बोलत असाल तर आरोग्याची माहिती चित्रांतून आणि तुमच्या बोलीत देण्याची विनंती करा. मूल निरोप घरी आणते, पण तो समजून घेऊन पाळण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे.
• शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले आणि त्याने पुढील तपासणीची चिठ्ठी दिली, तर ती दप्तरात पडून राहू देऊ नका.

तातडीने रुग्णालयात कधी न्यावे?

• सिकलसेल असलेल्या मुलाला १०१ अंशांपेक्षा जास्त ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, एकाएकी पोट फुगणे किंवा अंग पांढरे पडणे
• तापात झटके, गुंगी, सतत उलट्या, अंगावर लाल ठिपके किंवा रक्तस्राव
• साप चावल्याचा नुसता संशय, विषारी बी किंवा कीटकनाशक पोटात जाणे (मुद्दाम उलटी करवू नका, बाटली किंवा बी सोबत न्या)
• उन्हानंतर अंग तापलेले आणि मूल बरळत असणे. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. गाव आडवळणी असेल आणि रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने जवळच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघा. हा क्रमांक मुलांना शाळेतच पाठ करून घेता येतो, सोबत आपल्या गावाचे, ग्रामपंचायतीचे आणि तालुक्याचे नाव सांगण्याचा सरावही. घरी एकदा तो त्यांच्याकडून म्हणून घ्या.