‘होत चाललंय’ इंग्रजीत कसं सांगायचं?

केस पिकत चाललेत, अंधार पडत चाललाय, गर्दी वाढत चाललीये, आजी थकत चाललीये. बदल कसलाही असो, मराठीत ‘चालणे’ त्याला पुरतं. इंग्रजीत मात्र बदल कोणत्या जातीचा आहे, हे आधी पाहावं लागतं. ते न पाहता आपण सगळीकडे ‘बिकमिंग’ लावतो. व्याकरणात ते बहुधा बसतंही, पण बोलणं अवघडल्यासारखं होतं.

गेट, बिकम, गो, टर्न, ग्रो

मायकेल स्वॉन यांच्या ‘प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज’ या पुस्तकात या पाचांची एकत्र नोंद आहे, आणि ती वाचण्यासारखी आहे. रोजच्या बोलण्यात ‘गेट’ आधी येतं: इट्स गेटिंग डार्क, आय अ‍ॅम गेटिंग टायर्ड. ‘बिकम’ लेखनात आणि औपचारिक बोलण्यात शोभतं. पण पुढे नाम आलं की ‘गेट’ चालत नाही. ‘ती डॉक्टर झाली’ म्हणजे ‘शी बिकेम अ डॉक्टर’. तिथे ‘गॉट’ घातलं, तर तिने डॉक्टर मिळवला असा अर्थ निघेल.

‘गो’ पुष्कळदा बिघाडाकडे झुकतं. दूध ‘गोज सावर’, डोक्याला टक्कल पडणारा माणूस ‘गोज बाल्ड’, कंपनी ‘गोज बँकरप्ट’. म्हणूनच आजारी माणूस बरा होतो तेव्हा ‘वेंट बेटर’ नव्हे, ‘गॉट बेटर’. रंग बदलला तर ‘गो’ किंवा ‘टर्न’. पानं पिवळी पडली की ‘द लीव्ह्ज टर्न्ड यलो’. वय गाठण्यालाही ‘टर्न’च: शी टर्न्ड सिक्स्टी. ‘ग्रो’ला सावकाशीची आणि थोडी पुस्तकी छटा आहे: ग्रो ओल्ड.

‘पासून’ आलं की सावध

माझ्या मते सगळ्यात आधी सुधारायची जागा ही. ‘जूनपासून भाव वाढताहेत’ याचं आपण सरळ ‘प्राइसेस आर रायझिंग सिन्स जून’ करतो. कानाला खटकत नाही, कारण मराठीत ‘पासून’ लावलं तरी क्रियापद वर्तमानकाळातच राहतं. इंग्रजीत तेव्हापासून आत्तापर्यंतचा सगळा पल्ला क्रियापदात दिसावा लागतो: प्राइसेस हॅव बीन रायझिंग सिन्स जून. ‘पासून’ नसेल, नुसती सध्याची स्थिती सांगायची असेल, तर ‘आर रायझिंग’ अगदी बरोबर.

त्यात आणखी एक गुंता आहे. ‘जूनपासून’ आणि ‘तीन वर्षांपासून’ या दोन्हींत आपला ‘पासून’ एकच. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगितला तर ‘सिन्स’, लोटलेला काळ सांगितला तर ‘फॉर’: फॉर थ्री इयर्स. आणि वाढ किती झाली हे मोजून सांगायचं असेल, तर ‘बीन रायझिंग’ सोडून द्यावं: प्राइसेस हॅव रिझन बाय टेन पर्सेंट.

‘प्राइसेस कीप रायझिंग’मध्ये वैताग ऐकू येतो. ‘कंटिन्यू टू राइज’ हे अहवालाचं इंग्रजी.

स्लोली की ग्रॅज्युअली?

आपलं ‘हळूहळू’ दोन्हीकडे चालतं. ‘स्लोली’ वेग सांगतं, ‘ग्रॅज्युअली’ थोडं थोडं करत होणारा बदल. ‘सावकाश बोला’ म्हणजे ‘स्पीक स्लोली’. तिथे ‘ग्रॅज्युअली’ बसणारच नाही. उलट काही औषधं एकदम थांबवायची नसतात. तेव्हा डॉक्टर सांगतात, ‘रिड्यूस द डोस ग्रॅज्युअली’, म्हणजे मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवायची. गोळी सावकाश गिळण्याशी त्याचा संबंध नाही.

थंडी वाढत चालली की ‘कोल्डर अँड कोल्डर’. लांब विशेषणाला ‘मोअर अँड मोअर’ लागतं: मोअर अँड मोअर एक्सपेन्सिव्ह. लेखनात याच जागी ‘इन्क्रीझिंगली’ येतं.

‘होत आलंय’ वेगळं

‘चाललंय’ आणि ‘आलंय’ यांची गल्लत करू नये. ‘परीक्षा संपत आली’ यात बदलाची चाल नाही, शेवट जवळ आल्याची खबर आहे. इंग्रजीत तिथे ‘गेटिंग’ही नको आणि ‘बिकमिंग’ही नको: द एक्झाम्स आर ऑलमोस्ट ओव्हर. स्वयंपाक होत आला असेल तर ‘लंच इज नियरली रेडी’.