शेतातला खांब आणि आपला हक्क



परभणीच्या काळ्या रानात पाळी घालताना विजेचा खांब आडवा आला, की बैल वळवावे लागतात. खांबाभोवतीची जागा पडीक राहते, तण माजते. "सरकारी काम, बोलून काय उपयोग?" म्हणून आपण गप्प बसतो. कायदा मात्र तसे म्हणत नाही.

केंद्राच्या २००६ च्या नियमांप्रमाणे खासगी जमिनीत खांब किंवा डी.पी. बसवण्याआधी वीज कंपनीने मालकाची वा कसणाऱ्याची संमती घ्यायची असते. तुम्ही हरकत घेतली, तर तिला जिल्हाधिकाऱ्यांची किंवा शासनाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी काढावी लागते. परवानगी देतानाच ते भरपाई, वार्षिक भाडे किंवा दोन्ही ठरवतात. जुना खांब अडचणीचा झाला असेल, तर सबळ कारण दाखवून तो हलवण्याची मागणीही त्यांच्याकडेच करता येते.

उच्च दाबाच्या मनोऱ्यांचे निराळे आहे. वीज कायदा २००३ च्या कलम १६४ चे अधिकार कंपनीला मिळालेले असतील, तर संमती लागत नाही. पण भरपाई द्यावीच लागते.

तेव्हा खड्डा खणण्याआधी बोला, आणि लेखी बोला. अर्जाला सातबारा जोडा, पोच घ्या. तारेला किंवा खांबाला मात्र स्वतः हात लावू नका.